वीस वर्षं मागं गेलेली मशीन

तळेगावच्या बाजारात जंगू कुमरे कुठं राहतो असं विचारलं, तर दहातले आठ जण मान हलवतील. मशीनवाला कुठं राहतो असं विचारलं, तर संत्र्याचे क्रेट उचलणारा हमालसुद्धा हात लांब करून डोंगराकडची वाट दाखवील. त्या वाटेनं नऊ-दहा किलोमीटर आत, सागाच्या जंगलाला लागून गोंडांची तीस-पस्तीस घरांची वस्ती आहे. तिच्या टोकाच्या घरात जंगू आणि त्याची बायको रामबाई राहतात. मुलगी अंजू लग्न होऊन हिंगणघाटकडे गेली. जंगूचं वय साठीच्या आतबाहेर असावं. अंगानं वाळलेला, चालायला चपळ, बोलायला कमी.

त्याची मशीन म्हणजे पिठाची चक्की नव्हे की विहिरीवरची मोटार नव्हे. तळहातावर मावेल एवढं पिवळं यंत्र आहे. आकाशात फिरणाऱ्या उपग्रहांचा आवाज ऐकून आपण पृथ्वीवर नेमके कुठं उभे आहोत ते सांगणारं. चौथी शिकलेल्या जंगूच्या हाती ते कसं आलं, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

जंगलातली जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासींना तिचा हक्क देणारा कायदा आला, तेव्हा प्रत्येक वावराचा नकाशा लागू लागला. मोजायला माणसं नव्हती. वर्ध्याची एक संस्था हे काम करायला वस्तीवर आली आणि तिनं जंगूला झेंड्यांचे बांबू उचलायला कामावर घेतलं. संस्थेतले भैय्याजी मोजणी करत. जंगू पुढं चाले, कारण कुणाचा धुरा, म्हणजे वावराचा बांध, कुठं वळतो हे त्याला पाठ होतं. दोन महिन्यांनी भैय्याजींनी पाहिलं, की आपण मशीन विसरून निघालो तरी हा माणूस ती घेऊन येतो, आणि आपण घाई केली की हा थांबतो. त्यांनी मशीनच त्याच्या हातात दिली.

"हिला तीन गोष्टी आठवत असल्या, की ही लवकर जागी होते," भैय्याजींनी त्याला शिकवलं होतं. "काल आपण कुठं होतो, आत्ता किती वाजले, आणि वर कोणता उपग्रह कुठं असणार. शेवटच्याला पंचांग समज. ढोबळ पंचांग महिना-दोन महिने चालतं. पण नेमकी जागा काढायला प्रत्येक उपग्रहाकडून त्याचा ताजा, बारीक पत्ता घ्यावा लागतो. तो तीन-चार तासांत शिळा होतो. रोज सकाळी तो नव्यानं घ्यायचा. त्याला अर्धा-एक मिनिट लागतं, तेवढं उघड्यावर गुमान उभं राहायचं."

"अन् सगळंच विसरली तं?"

"तर तिला अख्खं आकाश चाचपावं लागतं. मग दहा मिनिटं लागो की वीस, आपण हलायचं नाही."

जंगूनं हे शब्दश: पाळलं. वावरात पोचल्यावर तो आधी झाडापासून दूर जाई, डोक्याची टोपी काढून खिशात घाली आणि मशीन तळहातावर ठेवून उभा राही. टोपीचा आणि उपग्रहांचा काही संबंध नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं. पण सवय पडली. लोक हसत. "काय गा जंगू, सूर्याले पाणी देऊन राह्यला का?" तो उत्तर देत नसे. पडद्यावरचा आकडा नाचायचा थांबला की एकच शब्द बोले, "बसली." मग चालायला लागे. हा शब्द पुढं आसपासच्या पाच-सहा गावांचा झाला. पोरीचं लग्न ठरलं तरी बाया म्हणत, बसली एकदाची.

त्यानं अशी दोनशेच्या वर वावरं मोजली. पुढं संस्थेचं काम संपलं. जाताना भैय्याजींनी मशीन त्यालाच दिली. अधूनमधून कुणी बोलवे, तो जाऊन मोजून देई. करोनाचं वर्ष आलं आणि तेही थांबलं. तेव्हा जंगूनं मशीनमधले दोन्ही सेल काढले, वेगवेगळ्या कागदात गुंडाळले आणि सगळं बियाण्याच्या पेटीत ठेवून दिलं. वस्तीत सगळी घरं टॉर्चचे सेल असेच काढून ठेवत. आत राहिले तर उतरतात, फुटले तर टॉर्चच खातात, हे लहानपणापासून प्रत्येकाला माहीत होतं. मशीन पाच वर्षं पेटीत राहिली.

दोन हजार पंचवीसच्या मे महिन्यात मंदाबाई उईके त्याच्या दारात येऊन बसली. जंगूच्या जोडीच्या माणसाची ही विधवा. डोंगराखाली, नाल्याला लागून तिचं वावर. सासऱ्यानं धोंडे उचलून, झुडपं काढून केलेलं. तिचा दावा दोनदा परत आला होता, कारण नकाशा जोडलेला नव्हता. आता आर्वीच्या कचेरीत अठ्ठावीस तारखेला सुनावणी होती. नकाशा आणला तर ठीक, नाही तर दावा फेटाळला जाणार होता. फेटाळला गेला म्हणजे कोणत्याही दिवशी कोणीही येऊन तिला वावराबाहेर काढू शकलं असतं.

"भाऊजी, तुमी साऱ्या गावाचं मोजलं. माह्यंच काऊन राह्यलं?"

"तेव्हा तुमी म्हनाले ना, वावर पळून थोडं जाते म्हनून."

"मी नाई, ते म्हनाले होते. ते तं गेले. आता मलेच भोगा लागून राह्यलं."

चौदा मेला, बुधवारी सकाळी, जंगू नवे सेल घालून मंदाबाईच्या वावरात उभा राहिला. सोबत मंदाबाई आणि मोतीलाल होते. मोतीलाल गावच्या वनहक्क समितीचा सचिव. कागदात हुशार, आणि आपण हुशार आहोत हे दुसऱ्याला कळलं पाहिजे अशा स्वभावाचा.

मशीन सुरू झाली, पण बसेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पडद्यावर एक उपग्रह येई, जाई. जंगूच्या टाळूवरून घाम उतरून नाकाच्या शेंड्यावर आला.

"मेली असन," मोतीलाल म्हणाला. "माह्या मोबाईलवर पाहू का?"

"थांब."

"अगा, माणूस बी इतक्या वेळात कोमातून उठते."

जंगू हलला नाही. वीसेक मिनिटांनी आकडा थांबला. "बसली," तो म्हणाला आणि चालू लागला. वरच्या बाजूला धोंड्यांचा धुरा होता. खालच्या बाजूला धुरा नव्हता, नाल्याचा काठ करवंदीनं भरून गेला होता. म्हणून तो सरळ कोरड्या नाल्यात उतरला आणि नाल्याच्या पोटातून चालत पलीकडच्या कोपऱ्यावर चढला. फेरा पुरा झाला.

दुसऱ्या दिवशी तळेगावच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मशीन जोडून नकाशा छापून घेतला. जंगूनं रेघ पाहिली. रेघ बरोबर होती. कागदाच्या कोपऱ्यातली तारीख त्यानं पाहिलीच नाही, पाहायचं कधी कारणच पडलं नव्हतं. ती मोतीलालनं पाहिली.

"जंगूभाऊ, हे काय? अठ्ठावीस सप्टेंबर दोन हजार पाच?"

जंगूनं चष्मा वर-खाली केला. तेच होतं.

मोतीलालनं तारीख पुन्हा एकदा वाचली. मग त्यानं कागद छातीशी धरला, जसं काही कुणी हिसकावून नेणार होतं. कायद्यात एक तारीख होती, तेरा डिसेंबर दोन हजार पाच. त्या दिवसाच्या आधीपासून जो जमीन कसत होता, त्याचाच हक्क. आणि मशीननं आपणहून लिहून दिलं होतं, की हे वावर त्याच्याही अडीच महिने आधी मोजलं गेलं.

"आता कोन काय म्हनते ते पाहतो. मशीन काई खोटं बोलते का?"

"पन मोतीलाल, काल मोजलं ना आपन."

"आपन सांगतलं तं काल. मशीन सांगून राह्यली दोन हजार पाच. तुमी कोन तिच्या मधात पडनारे?"

मंदाबाईला हे कळलं तेव्हा तिनं मशीनला हात जोडले. "सासऱ्यानं वरून पाह्यलं असन बाप्पा," ती म्हणाली. आणि खरी अडचण हीच होती, की मंदाबाईचा दावा खोटा नव्हता. ते वावर दोन हजार पाचच्या कितीतरी आधीपासूनचं होतं. जंगूनं स्वत: तिथं बैल हाकले होते. जे खरं होतं त्यालाच चुकीच्या तारखेचा आधार मिळत होता.

त्यानं घरी येऊन वर्ध्याला भैय्याजींना फोन लावला आणि घडलेलं सगळं सांगितलं. भैय्याजी आता थकले होते, पण मशीनचं नाव ऐकून त्यांचा आवाज उजळला.

"जंगू, सेल काढून ठेवले होते का?"

"हाव. उतरतात म्हनून."

"अरे, तिच्या पोटात आणखी एक बारीक सेल असतो. तो वरच्या दोन सेलांवर जगतो. वरचे काढले की काही महिन्यांत तो आटतो, आणि तो आटला की मशीन सगळं विसरते. पंचांग, जागा, वेळ, सगळं. म्हणून तुला वीस मिनिटं लागली."

"वेळ तं बरोबर होती भैय्याजी. तारीखच चुकली."

"कारण उपग्रह तारीख सांगतच नाही. तो आठवड्याचा नंबर सांगतो. एक हजार चोवीस आठवडे झाले की नंबर परत शून्यावर. म्हणजे साडेएकोणीस वर्षांच्या थोडं वर. आपण कितव्या फेऱ्यात आहोत ते मशीननं आठवणीतून ओळखायचं. तुझी मशीन विसरली आणि जुन्याच फेऱ्यात जाऊन बसली."

जंगूनं विचार केला. "म्हंजे मोटरसायकलचा मीटर भरला की शून्यावर येते, तसं. पाहनाऱ्याले वाटते गाडी नवी आहे."

"अगदी तसंच. थांब, कॅलेंडर पाहतो." थोड्या वेळानं भैय्याजी परत बोलले, "पाहा, ती तारीखसुद्धा बुधवारच आहे. आठवडे पुरे मोजले जातात ना, म्हणून वार चुकत नाही. तुझी मोजणी शंभर टक्के बरोबर आहे, जंगू. फक्त तारीख काढून टाक."

फोन ठेवल्यावर जंगू ओसरीवर येऊन बसला. रामबाई चुलीपुढून त्याच्याकडं पाहत होती. शेवटी त्यानं तिला सगळं सांगितलं.

"मंग?" ती म्हणाली.

"मंग सांगा लागन कचेरीत."

"कायले? तिचं वावर गेलं तं तुमी तारीख खासान का?"

त्यानं खिशातून नकाशाची दुसरी प्रत काढली. रामबाईनं हात पुसले आणि नकाशा हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं, पण आपला मुलूख कागदावर ओळखता येत होता. तिनं खालच्या रेघेवर बोट ठेवलं.

"हे काय होय?"

"नाला. मी त्यातूनच चाललो ना."

"सप्टेंबरात?" रामबाई म्हणाली. "सप्टेंबरात त्या नाल्याले छातीएवढं पानी राह्यते. तुमी काय पोहत मोजलं?"

जंगूनं ते पाहिलं नव्हतं. आता त्याला दिसलं, की नाला माहीत असलेला कोणीही माणूस हा कागद पाहून हेच विचारील. मग मंदाबाईचा दावा तर जाईलच, वर तिनं बनावट कागद लावला असं लिहिलं जाईल. आणि त्याच्या हातानं मोजलेली ती दोनशे वावरं? तीही कुणी उकरून काढील. आपण खऱ्यासाठी बोलणार आहोत की भीतीपोटी, हे त्याला स्वत:लाही नीट उलगडलं नाही. त्यानं मोतीलालच्या घरी जाऊन सांगून पाहिलं. मोतीलालनं त्याला चहा दिला आणि म्हणाला, "जंगूभाऊ, तुमी फक्त चूप राह्यजा. चूप राहनं तं तुमाले येतेच."

अठ्ठावीस तारखेला तिघं बसनं आर्वीला गेले. सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी फाइल उघडली, नकाशा पाहिला आणि चष्म्यावरून वर पाहिलं.

"ही मोजणी दोन हजार पाच सालची आहे?"

"हो मॅडम," मोतीलाल म्हणाला. "मशीनचीच तारीख आहे."

खोलीत पंखा फिरत होता. मंदाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. जंगू मागं भिंतीला टेकून उभा होता. तो पुढं आला. त्याचा आवाज इतका बारीक निघाला, की मॅडमना पुन्हा विचारावं लागलं.

"नाई म्हटलं, मॅडम. ह्या महिन्यातली आहे. चौदा तारखेची. मी मोजली."

"मग इथं हे काय आहे?"

"मशीन विसरली. चूक माह्यी आहे. मी सेल काढून ठेवले होते."

मोतीलालनं कपाळाला हात लावला. मंदाबाईनं जंगूकडं असं पाहिलं, की त्यानं नजर खाली घातली. मग अडखळत त्यानं बारीक सेल, पंचांग, आठवड्याचे नंबर आणि मोटरसायकलचा मीटर हे सगळं सांगितलं. मॅडमना अर्धं कळलं असावं. त्या उठल्या.

"मशीन आणली आहे? चला बाहेर."

कचेरीच्या आवारात कडुनिंबापासून लांब जंगू उभा राहिला, टोपी काढून खिशात घातली. कारकून, शिपाई, दावेदार, सगळे भोवती जमले. चौदा तारखेपासून त्यानं सेल काढले नव्हते, त्यामुळं मशीनच्या ध्यानात सगळं होतं. मिनिटभरात ती बसली. त्यानं ती मॅडमपुढं धरली. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं, पडद्यावरही अकरा वाजून वीस मिनिटं. खाली तारीख, बारा ऑक्टोबर दोन हजार पाच.

"म्हणजे मीसुद्धा आत्ता दोन हजार पाचमध्ये उभी आहे," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा मी कॉलेजात होते." लोक हसले. जंगू हसला नाही.

आत येऊन मॅडमनी लाल पेनानं तारीख खोडली आणि कागद जंगूपुढं सरकवला. "खरी तारीख लिहा आणि खाली सही करा. मोजणी करणारा म्हणून." जंगूनं लिहिलं. मग त्या मंदाबाईकडं वळल्या. "नकाशा मी ठेवून घेते. पण जुनी वहिवाट याच्यावरून सिद्ध होत नाही. ती जागेवर येऊन पाहावी लागेल. गावातल्या जाणत्या माणसांचे जबाब लागतील. पुढची तारीख कळवू."

बाहेर पडल्यावर मंदाबाई एवढंच म्हणाली, "भाऊजी, वीस वर्षं तुमी कोनाशी बोलले नाई. आजच तोंड फुटलं तुमाले?" आणि ती मोतीलालसोबत पुढं निघून गेली. परतीच्या बसमध्ये ती पुढच्या सीटवर बसली, जंगू मागच्या.

जून लागताना कचेरीचं पथक आलं. जंगूला कोणी बोलावलं नव्हतं, तरी तो वावराच्या कडेला जाऊन उभा राहिला. पथकानं आपल्या यंत्रावर कोपरे तपासले. ते जंगूच्या रेघेला दोन-तीन पावलांच्या फरकानं जुळले. मग ते धुऱ्याकडं वळले. धोंड्यांच्या चळतीत सागाचं एक झाड उगवलं होतं आणि त्याच्या बुंध्यानं धोंडे दोन्हीकडं रेटले होते. सोबतच्या वनरक्षकानं बुंध्याला दोरी गुंडाळून माप घेतलं. "हे तीस वर्षांच्या खालचं नाही," तो म्हणाला. "आणि धुरा झाडाच्या आधीचा आहे." शेजारच्या गावच्या दोन म्हाताऱ्यांनी जबाब दिले. एकानं मंदाबाईच्या सासऱ्याच्या बैलांची नावंसुद्धा सांगितली, ती कोणी विचारली नव्हती.

पुढचे सात महिने मंदाबाई जंगूच्या दारावरून गेली, पण आत आली नाही. रामबाईशी विहिरीवर बोले, त्याच्याशी नाही. जंगूनं तिला कधी अडवलं नाही. महिन्यातून दोनदा तो मशीन अंगणात नेऊन अर्धा तास सुरू ठेवी, म्हणजे तिचं पंचांग शिळं होऊ नये. सेल उतरले की त्याच वेळी नवे घाली. तारीख मात्र जुनीच दाखवायची, तिला इलाज नव्हता. प्रत्येक नकाशावर तो आता खरी तारीख हातानं लिहितो.

जानेवारीत एका दुपारी मंदाबाई आली आणि ओसरीवर न बसता उभ्याउभ्याच एक कागद त्याच्यापुढं धरला. जमिनीच्या हक्काचा पट्टा होता. तिचं नाव, गावाचं नाव, खाली शिक्के आणि मागं जोडलेला नकाशा. जंगूनं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. शून्य पूर्णांक त्र्याण्णव हेक्टर.

"म्हंजे किती एकर?"

"सव्वादोनच्या थोडं वर."

"अडीच आहे ते," मंदाबाई म्हणाली. "सासरे अडीच म्हनत. हे अडीच म्हनत. बाकी कोठी गेलं?"

"मी नाल्यातून चाललो ना, वहिनी. काठाची पट्टी सुटली. करवंदी लय होती."

मंदाबाईनं कमरेवर हात ठेवले. "आर्वीले मॅडमपुढं तं लय खरं बोलले. अन् अथी करवंदीले भेले?"

रामबाई आतून हसली. जंगू कागदाची घडी नीट करत राहिला.

"मी येवढ्यावर आयकून घेनारी नाई," मंदाबाई पट्टा त्याच्या हातातून घेत म्हणाली. "उद्या कोयता घेऊन मी पुढं चालतो, तुमी मांगून मशीन घेऊन येजा. पट्टी किती होते ते तं पाहू. सकाळीच येजा. तुमची ते अर्धा दिवस बसत नाई."

"आता बसते," जंगू म्हणाला. "लवकर बसते."